तीन महिने खिळा पेरला

"मागं वाघ पाहिजे," हणमंततात्या म्हणाला. "मोठा. आन् पुढं निवासचा फोटो. खाली एखादी कडक ओळ टाक, वाचून अंगावर काटा आला पाहिजे."

माझ्या फ्लेक्सच्या दुकानात चारजण आले होते आणि स्टूल एकच, त्यावर तात्या बसलेला. तात्याचं स्टँडसमोर चहाचं हॉटेल. गावाला काय वाटतं हे गावाला कळायच्या आधी तात्याच्या हॉटेलात ठरायचं. आदल्या दिवशी सकाळी निवास भंडारेने अप्पासाहेब मोहरेंच्या डोक्यात चाकाचा पाना घातला होता. अप्पासाहेब जिल्ह्याच्या दवाखान्यात, निवास पोलीस कोठडीत, आणि गाव खुशीत.

अप्पासाहेब म्हणजे आमच्याकडचं सगळंच. बाजार समिती त्यांची, दोन शाळा त्यांच्या, डोंगराच्या कडेचा खडी क्रशर त्यांचा. निवास म्हणजे फाट्यावरचा पंक्चरवाला. सातवीपर्यंत माझ्याबरोबर एका बाकावर. वर्षापूर्वी त्याची मुलगी ऋतुजा सायकलवरून शाळेला जाताना क्रशरच्या डंपरखाली गेली. नववीत होती. डंपरला नंबरप्लेट नव्हती. चालवणारा एक होता आणि पोलिसांत हजर झाला तो दुसराच, त्यालाही दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला.

तिच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच छापला होता. शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून. खाली 'शोकाकुल' म्हणून रांगेने चेहरे, आणि त्यात पहिला, सगळ्यांत मोठा, अप्पासाहेबांचा. ऑर्डरच त्यांच्या मित्रमंडळाची होती. मी छापला. आमच्या धंद्यात समोर येईल तो मजकूर छापायचा असतो. 'भावी' हा शब्द तर मी कायम टाईप करून ठेवलेला असे, फक्त पुढचं नाव बदलायचं.

पण त्या दुपारी गोष्ट वेगळी होती. खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला होता. इतकी वर्षं ज्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स छापून बोटं दुखली, त्यांना आमच्यातल्या कुणीतरी एक ठेवून दिली होती. मी वाघ शोधला, निवासचा फोटो लावला, आणि ओळीला बसलो.

'वाघाने लांडगा दारात घेरला' हे पटकन सुचलं. पण त्याच्या आधी काय? घेरला, पेरला. पेरला, पण काय पेरला? निवास पंक्चरवाला. मग खिळा. मी टाईप केलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं:

"तीन महिने खिळा पेरला, वाघाने लांडगा दारात घेरला!"

तात्यानं मांडीवर थाप मारली.

"आयला, खिळा! आरं खरंच की! न्हाईतर साहेबाची गाडी बरोबर त्याच्याच दारात कशी पंक्चर हुईल?"

"मी बघितलंय त्याला," मागचा एकजण म्हणाला. "सकाळी सकाळी रस्त्यावर वाकलेला असायचा."

"म्या तर रोज बघतुय!" तात्या म्हणाला. "मला वाटायचं, ह्यो वाकून करतोय काय? तर ह्ये असं."

मी गप्प बसलो. आपण यमक जुळवण्यासाठी टाकलेला शब्द लोकांना खरा वाटतोय, यात एक गंमत असते. सांगून ती घालवावीशी वाटत नाही.

"खाली फोटो कुणाकुणाचे टाकू?" मी विचारलं.

आमच्याकडे फ्लेक्स म्हटला की खाली चेहरे आलेच. ज्याचा वाढदिवस त्याच्यापेक्षा खालच्या रांगेत आपण कितवे, यावर भांडणं होतात. पण त्या दिवशी चौघंही एकमेकांच्या चपलांकडे बघायला लागले.

"फोटो नको," तात्या म्हणाला. "समस्त गावकरी, असं टाक."

"मग तुझं नाव तरी टाकू?"

"शशा, समस्तमध्ये मी आलो का न्हाई?"

संध्याकाळी एक फ्लेक्स फाट्यावर लागला, एक स्टँडवर. लोक थांबून वाचायचे, फोटो काढायचे. मीही दोनदा उगीच तिकडून चक्कर मारली. चार दिवसांत खिळा वाढला. तीन महिन्यांचे सहा झाले. निवास म्हणे खिळे उलटे वेल्डिंग करून आणायचा. म्हणे अप्पासाहेबांची गाडी कुठल्या वारी कुठल्या वेळेला जाते हे त्यानं भिंतीवर लिहून ठेवलं होतं. एका गुरुजींनी तर माझाच खिळा मला अर्धा तास समजावून सांगितला. "नियोजन, शशिकांत, नियोजन! याला म्हणतात बुद्धी." अप्पासाहेबांच्याच शाळेत नोकरीला होते ते. आवाज मात्र बारीक ठेवून बोलत होते.

पाचव्या दिवशी पोलिसांनी दोन्ही फ्लेक्स उतरवले. हवालदार दुकानात आला.

"मजकूर कुणाचा?"

"गिऱ्हाईक पेनड्राइव्हवर घेऊन आलं होतं, साहेब."

"कोण गिऱ्हाईक?"

"समस्त गावकरी," मी म्हणालो. तो हसला, मीही हसलो. पण जाताना दाराशी थांबून म्हणाला, "त्यो हॉटेलवाला लई बघितलं, बघितलं म्हणत असतो. त्यालाच इचारतो."

आठव्या दिवशी सकाळी मी शटर वर केलं तेव्हा पायरीवर शालनवहिनी बसलेल्या होत्या. निवासची बायको. हातात कापडी पिशवी. मला वाटलं आभार मानायला आल्या असतील. हो, असंच वाटलं होतं मला.

"या वहिनी. चहा सांगू?"

"चहा नको. भाऊजी, खिळा कुठनं आला?"

"म्हणजे?"

"बोर्डावर लिवलाय त्यो. तीन महिन्यांचा."

"गावात बोलत होते सगळे..."

"गाव तुमच्या बोर्डानंतर बोलाय लागलं. त्याच्या आधी कोण बोलत न्हवतं. मी इचारलंय सगळ्यास्नी. ज्यो त्यो म्हणतोय, बोर्डावर वाचलं."

मी खुर्चीवर बसलो. त्या उभ्याच राहिल्या.

"मी तिथंच हुते भाऊजी. भाकरी घिऊन गेलते. गाडी आली, डायवर म्हणला चाक बसलंय. टायरात खडी घुसल्याली. साहेबाच्याच क्रशरची, डंपरमधनं सांडत जाती ती. ह्यांनी काढली, टायर नीट केला, चाक बसवलं. साहेब फोनवर बोलत उभा. ह्यांना वळखलंबी न्हाई त्यानं. मी आत जीव मुठीत धरून बसलेली, पर ह्ये गप. नट आवळत हुते. म्हणलं, जातोय आता. सुटलो."

"मग?"

"मग साहेबानं नोट काढून दिली. ह्ये सुट्टे द्याय लागले, तर म्हणला, राहू दे उरलेले, पोरांना खाऊ ने."

बाहेर दूधवाल्याची गाडी गेली. ती जाईपर्यंत वहिनी थांबल्या.

"एवढंच. आमाला एकच पोर हुती."

ऋतुजाचा फोटो अजून माझ्या कॉम्प्युटरमध्ये होता. शाळेच्या निळ्या रिबिनी लावलेला.

"वकीलबाई म्हणत्यात, रागाच्या भरात झालं तर जामीन हुईल, शिक्षाबी कमी हुईल. पर ठरवून केलं म्हणलं की संपलं. सरकारी वकिलानं बोर्डाचा फोटो लावलाय कागदाला. खिळा, तीन महिनं, सगळं." त्यांनी पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. गोडेतेलाचा जुना डबा, काठोकाठ गंजलेल्या खिळ्यांनी भरलेला. "आन् ह्ये वाकायचे, ते ह्याच्यासाठी. पेराय न्हाई, उचलाय. ऋतु सायकल शिकली तवापास्नं. पोरास्नी शाळेला उशीर हुतो, पंक्चर झालं की. मी म्हणायची, आवो, तुमचा धंदा काय आन् करताय काय? ती गेल्यावरबी सोडलं न्हाई."

मी डब्याकडे बघत होतो. त्यात बारीक चुका होत्या, लांब मोळे होते, घोड्याच्या नालेचा एक तुकडा होता.

"मी काय करू, वहिनी?"

"कोर्टात एक कागद करून द्या. खिळा माझ्या मनानं लिवला, ओळ जुळवाय लिवला, एवढंच. वकीलबाई म्हणत्यात, लिवणारा माणूसच सांगतोय म्हणल्यावर जज्ज खिळ्याला इचारणार न्हाई. सोमवारी अकराला. जिल्ह्याला यावं लागंल."

"येतो," मी म्हणालो. "नक्की येतो. निवास माझ्या बाकावरचा."

"तुमचं नाव लिवून घ्याय सांगते मग," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला. डबा पिशवीत घालून त्या गेल्या.

मी खरंच जाणार होतो. शनिवारी पांढरा शर्ट इस्त्रीला दिला होता.

रविवारी दुपारी अप्पासाहेबांचा मॅनेजर आला. साहेबांना मंगळवारी घरी सोडणार होते. एका कानानं ऐकू यायचं नाही म्हणे, पण बाकी ठीक. जिल्ह्यापासून गावापर्यंत स्वागताचे साठ फ्लेक्स लावायचे होते.

"मागं वाघ पाहिजे," मॅनेजर म्हणाला.

वाघाची फाईल समोरच होती.

त्यानं चेहऱ्यांचं पाकीट दिलं. पासपोर्ट साइजचे बेचाळीस फोटो. मी ते टेबलावर पसरले. गुरुजी होते. माझ्या दुकानात येऊन गेलेल्या चौघांपैकी तिघं होते. आणि चौथा तात्या होता, टोपी घालून, गंध लावून.

मी उठून थेट हॉटेलात गेलो. तात्या भजी तळत होता.

"तात्या, हे काय?"

"मग काय करू?" त्यानं झारा आपटला. "हवालदारानं उचलून न्हेलं मला. म्हणला, बोर्ड कुणी लावला, तुझ्यावरच केस करतो. न्हाईतर हॉटेलात बसून जे सांगतोयस त्ये लिवून दे. दिलं लिवून. आन् खोटं न्हाई दिलं. वाकल्याला बघितलाच हुता की म्या!"

"तो उचलायला वाकायचा."

"त्ये मला काय माहीत? तूच लिवलंस, पेरला म्हणून."

तात्यानं कढई उतरवली आणि आवाज खाली आणला.

"शशा, निवास वाघच हाय. मनात माझ्या त्याची जागा हाय. पर त्याला काय आता? बायकोशिवाय कोण न्हाई मागं. आपल्याला उद्या ह्याच गावात ऱ्हायचंय. तूबी उगं कोर्टात जाऊन शानपणा करू नगंस. मॅनेजर इचारत हुता तुझं."

मी परत आलो तेव्हा मॅनेजर माझ्याच खुर्चीत बसला होता. हातातला मोबाईल बघत म्हणाला, "शशीभाऊ, तुमचापण एक फोटो टाका की खाली. साहेबांना बरं वाटेल. आणि उद्या कुठं जाऊ नका बरं का, साठ आहेत. मंगळवारी पहाटे लागले पाहिजेत."

धमकी म्हणावी तर धमकी नव्हती. चहासुद्धा त्यानंच मागवला होता.

सोमवारी मी पांढरा शर्ट घातला. मशीन सुरू केलं. पावणेअकराला फोन वाजला, जिल्ह्याचा नंबर. अकराला परत. अकरा वाजून दहा मिनिटांनी परत. मशीन चालू असताना सोडून जाता येत नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. मशीन बंद करायला एक बटण असतं, लाल रंगाचं, माझ्या हातापासून वीतभर लांब होतं. वाघ एकामागून एक बाहेर पडत होते आणि प्रत्येकाच्या खाली, शेवटच्या रांगेत उजवीकडे, मी हसत होतो.

जामीन झाला नाही. पुढे खटला चालला, तात्यानं साक्ष दिली. आरोपीला घटनेपूर्वी कित्येक महिने रस्त्यावर वाकताना पाहिलं, एवढंच तो बोलला, आणि ते खरंच होतं. निवासला सात वर्षांची शिक्षा लागली. डंपरच्या केसचं काय झालं ते विचारू नका, मलाही माहीत नाही. त्यानंतरच्या निवडणुकीत अप्पासाहेब उभे राहिले. गावानं मनातून निवासला मानलं आणि मत अप्पासाहेबांना दिलं. हॉटेलात बसून अजूनही लोक म्हणतात, "असा एक निघाला पाहिजे बघा." म्हणणारा सोडून दुसरा कुणीतरी.

मला शालनवहिनी काही बोलल्या नाहीत. एकदा बाजारात समोरून आल्या, मीच गल्ली बदलली. त्यानंतर मी गल्ल्या बदलण्यात इतका तरबेज झालो की फाट्यावरून जायचंच बंद केलं. जिल्ह्याला जायचं तर मागच्या रस्त्याने, चार किलोमीटर जास्त.

या सगळ्याला चौदा वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात मागच्या रस्त्याचं काम निघालं म्हणून फाट्यावरून यावं लागलं, आणि नेमकं तिथंच मोटारसायकलचं चाक बसलं. दुपारची वेळ. ढकलत ढकलत किती लांब जाणार? साठीला टेकलेला माणूस मी. शेवटी निवासच्या दुकानासमोर उभा राहिलो.

तो बारीक झाला होता. केस सगळे पांढरे. समोर एका चारचाकीत तो हवा भरत होता. पुण्याकडची गाडी असावी, चारजण बाहेर उभे.

"तुम्हीच का ते?" एकानं विचारलं. "खिळेवाले?"

"व्हय," निवास म्हणाला.

"किती महिने टाकत होता?"

"सहा." त्यानं मान वर न करता सांगितलं. "माझी पोरगी मारली हुती त्यानं. ऋतुजा नाव. नववीत हुती."

"मानलं काका तुम्हाला!" दुसरा म्हणाला, आणि त्यांनी त्याच्याबरोबर फोटो काढला. निवास पाना हातात धरून सरळ उभा राहिला. सवयीनं उभा राहावं तसा.

गाडी गेल्यावर त्यानं माझ्याकडे बघितलं.

"या," म्हणाला. "पुढचं का मागचं?"

पूर्वी तो मला शशा म्हणायचा.

"मागचं."

त्यानं चाक खोललं, टायर काढला, आतून बोटं फिरवायला लागला. मी दुकानातल्या बाकड्यावर बसलो. आतल्या फळीवर तेलाचा डबा होता. तोच असावा.

"निवास," मी म्हणालो, "खिळा नव्हता. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. मग लोकांना असं का सांगतोस?"

त्याची बोटं थांबली नाहीत.

"आल्यावर पहिलं वरीसभर खरं सांगायचो. खडी हुती म्हणून. उचलायचो म्हणून. कोण ऐकत न्हाई. त्वांड पाडून निघून जात्यात. खिळा म्हणलं की थांबत्यात. थांबलं की मी पोरीचं नाव सांगतो. तेवढं ऐकून जात्यात."

"मी त्या सोमवारी..." मी सुरुवात केली. चौदा वर्षं मनात घोकलेली वाक्यं होती. मशीन, साठ फ्लेक्स, मॅनेजर. त्यातलं एकही बाहेर येईना. "मी यायला पाहिजे होतं," एवढंच म्हणालो.

"हितं हाय," तो म्हणाला. टायरमधून त्यानं एक बारीक चूक ओढून काढली, उजेडात धरून बघितली आणि डब्यात टाकली. मग पॅच घासायला घेतला. माझं बोलणं त्यानं ऐकलं की नाही, कळलं नाही. ऐकलं असणार. दोन हातांवर तर बसलो होतो.

चाक बसवून त्यानं नट आवळले. मी खिशातून नोट काढून दिली. तो गल्ल्यात सुट्टे शोधायला लागला, मिळेनात, मग खिसे चाचपायला लागला. मला तिथून कधी एकदा निघतोय असं झालं होतं. किक मारता मारता मी म्हणालो,

"राहू दे रे उरलेले."

निवासचे हात खिशातच थांबले.

मलाही ऐकू आलं, मी काय बोललो ते. गाडी सुरू झाली होती, ती मी बंद केली. काहीतरी बोलायला हवं होतं, पण जे काही सुचत होतं ते सगळं छापील वाटत होतं.

"थांबा," तो म्हणाला.

तो शांतपणे आत गेला. शालनवहिनींचा आवाज आला, पैशांचा डबा उघडल्याचा आवाज आला. परत येऊन त्यानं उरलेले पैसे माझ्या तळहातावर ठेवले. शेवटचं नाणं ठेवून झाल्यावर त्यानंच माझी बोटं मिटवली.

"जावा आता," म्हणाला. "उन्हाचं थांबू नगा."